छोट्या रुग्णालयात रुग्णसुरक्षा कशी बसवावी: नाशिकच्या संदर्भात पायरीनिहाय मार्गदर्शन

२१ एप्रिल २०२१ रोजी नाशिक महापालिकेच्या डॉ. झाकिर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागली, पुरवठा विस्कळीत झाला आणि ऑक्सिजनवर अवलंबून असलेल्या २२ रुग्णांचा त्याच दिवशी मृत्यू झाला. या शहरात रुग्णसुरक्षेविषयी लिहिताना ती घटना टाळून पुढे जाता येत नाही. परंतु अशा दुर्घटना वर्तमानपत्रात येतात म्हणून आपल्या लक्षात राहतात. रोज घडणारी इजा मात्र कोठेही छापून येत नाही. चुकीच्या खाटेवर दिलेले इंजेक्शन, रात्रभर एकाच कुशीवर राहिलेली आजी, पहाटे वाढलेला श्वास जो कोणी मोजलाच नाही, अशा स्वरूपाची ती असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार उपचार घेणाऱ्या साधारण दर दहा रुग्णांपैकी एकाला उपचारांदरम्यान काही ना काही इजा होते आणि त्यातील निम्म्याहून अधिक इजा टाळता येण्यासारखी असते.

गंगापूर रोड, मुंबई नाका, पंचवटी, सिडको, नाशिक रोड या भागांत वीस ते पन्नास खाटांची असंख्य रुग्णालये आहेत. मालक-डॉक्टर, दोन-तीन आरएमओ (निवासी डॉक्टर), मोजक्या सिस्टर आणि मावशी-मामा (वॉर्डातील मदतनीस) एवढ्या मनुष्यबळावर ती चालतात. हा लेख त्यांच्यासाठी आहे. मोठ्या रुग्णालयांकडे गुणवत्ता विभाग असतो. येथे तो नसतो, आणि माझ्या मते तो नसल्यामुळे फारसे बिघडतही नाही. जेथे चूक जिवावर बेतू शकते अशी सात-आठ ठिकाणे निवडून तेथे चूक करणेच अवघड करून ठेवणे, हे काम छोट्या जागेत अधिक लवकर साधते.

सुरुवात कोणी आणि कशी करावी

एका व्यक्तीवर जबाबदारी सोपवावी. ती व्यवस्थापक किंवा बिले पाहणारी व्यक्ती नसावी; वॉर्डात काम करणारी, अनुभवी आणि डॉक्टरांना निर्भयपणे दोन गोष्टी सुनावू शकणारी सिस्टर असावी. तिला आठवड्यातून किमान चार तास ड्यूटीतून मोकळे करावे. हा वेळ दिला नाही तर पुढचे सर्व कागदावर राहते.

तिने आणि मालक-डॉक्टरांनी मिळून पहिल्या आठवड्यात एकच काम करावे. एका रुग्णाच्या सोबत दाखल होण्यापासून डिस्चार्जपर्यंत चालत जावे आणि त्याचे नाव, औषध, रक्ताचा नमुना किंवा निरोप एका हातातून दुसऱ्या हातात जेथे जेथे जातो, ती प्रत्येक जागा वहीत टिपावी. पुष्कळ चुका या हस्तांतरणांच्या जागी होतात. रुग्णालयांची गुणवत्ता तपासून मान्यता देणाऱ्या एनएबीएच या संस्थेचे प्रवेश-स्तरीय प्रमाणपत्र किंवा शासकीय संस्थांसाठी असलेली राष्ट्रीय गुणवत्ता हमी मानके ही उपयुक्त चौकट आहे, यात शंका नाही. पण तपासणीच्या आदल्या आठवड्यात रात्र जागून भरलेल्या फाइलींनी कोणत्याही रुग्णाचे भले होत नाही. आधी काम, मग फाइल हा क्रम ठेवावा.

रुग्णाची ओळख

खाटेचा क्रमांक ही ओळख नव्हे, कारण रुग्ण खाट बदलतो. ‘मावशी’, ‘बाबा’, ‘दोन नंबरचे अपेंडिक्स’ ही तर मुळीच नव्हे. एकाच गावातून आलेले, एकाच आडनावाचे दोन रुग्ण शेजारी असणे आपल्याकडे नेहमीचे आहे, त्यामुळे पूर्ण नाव आणि नोंदणी क्रमांक असे दोन निकष मनगटावरच्या पट्टीवर असावेत. औषध, रक्त, नमुना, तपासणी आणि शस्त्रक्रिया या प्रत्येक वेळी ते दोन्ही जुळवून पाहावेत.

प्रश्न विचारण्याची रीत येथे फार महत्त्वाची ठरते. “तुम्ही काशिनाथ ना?” असे विचारल्यास तापाने ग्लानीत असलेला किंवा कमी ऐकू येणारा रुग्ण मान डोलावतो. “तुमचं पूर्ण नाव सांगा” असेच विचारावे. सुरगाणा, पेठ, कळवण या भागांतून येणाऱ्या आदिवासी रुग्णांपैकी अनेकजण डॉक्टरांसमोर संकोचाने ‘हो’ म्हणतात. मालेगावहून आलेल्या वृद्ध महिलेला उर्दूखेरीज दुसरी भाषा समजत नसेल, अशीही शक्यता असते. कर्मचाऱ्यांपैकी कोणाला कोकणा, कोणाला उर्दू येते याची यादी काउंटरवर लावून ठेवणे हा बिनखर्चाचा उपाय आहे.

रक्ताच्या नळीवर लेबल रुग्णाच्या खाटेजवळच, रक्त काढल्यानंतर लगेच लावावे. आधी लेबले लावून ठेवलेल्या रिकाम्या नळ्यांचा ट्रे घेऊन फिरण्याची पद्धत बंद करावी. रक्त चढवताना पिशवी आणि पट्टी दोघांनी स्वतंत्रपणे जुळवावी आणि पहिली पंधरा मिनिटे एका सिस्टरने तेथेच थांबावे.

औषधे: सर्वाधिक वेळ येथे द्यावा

पहिले काम म्हणजे पोटॅशियम क्लोराइडचे अँप्यूल सर्वसाधारण वॉर्डातून काढून घेणे. १५ टक्क्यांच्या १० मिलिच्या एका अँप्यूलमध्ये २० मिलिइक्विव्हॅलंट (क्षार मोजण्याचे एकक) पोटॅशियम असते. पातळ न करता ते थेट शिरेत गेले तर काही मिनिटांत हृदय बंद पडू शकते, आणि दिसायला ते साध्या पाण्याच्या अँप्यूलसारखेच असते. ते फक्त आयसीयूत, कुलूपबंद लाल डब्यात ठेवावे. साध्या शिरेतून देताना वेग साधारणपणे तासाला १० मिलिइक्विव्हॅलंटच्या वर जाऊ देऊ नये आणि ते सलाईनमध्ये मिसळताना दुसऱ्या व्यक्तीने मोजून सही करावी. “पण रात्री वॉर्डात लागले तर?” अशी शंका येईल. लागले तर आयसीयूतून आणावे; तो जिना चढण्यात गेलेला वेळ वाया गेला असे समजू नये.

दुसरे औषध इन्शुलिन. आपल्याकडे कुपीतले इन्शुलिन बहुधा ४० युनिट प्रति मिलि असते आणि पेनमधले १०० युनिट प्रति मिलि. लाल टोपणाची सिरिंज ४० साठी, नारिंगी टोपणाची १०० साठी. शंभरच्या इन्शुलिनमधून लाल टोपणाच्या सिरिंजने १० च्या खुणेपर्यंत औषध ओढले तर प्रत्यक्षात २५ युनिट शरीरात जातात, म्हणजे अडीचपट. रुग्णालयाने एकच तीव्रता निवडावी, तेवढीच खरेदी करावी आणि दुसऱ्या सिरिंज आवारातही ठेवू नयेत. सूचना लावण्यापेक्षा चुकीची सिरिंज हाताशी नसणे केव्हाही खात्रीचे. पेनच्या कार्ट्रिजमधून सिरिंजने इन्शुलिन ओढण्यासही सक्त मनाई असावी.

लिहिण्याविषयीचे नियम थोडेच, पण अपवादाविना पाळावयाचे आहेत. ‘युनिट’ हा शब्द पूर्ण लिहावा, कारण दहापुढचा इंग्रजी यू घाईत शून्यासारखा दिसतो आणि दहाचे शंभर होतात. दशांश चिन्हाआधी शून्य लिहावा, नंतर निष्कारण लिहू नये: ०.५ लिहावे, ५.० लिहू नये. मुलांच्या केसपेपरवर वजन लिहिल्याशिवाय औषध सुरू करू नये आणि मात्रा मिलिग्रॅम व मिलि अशा दोन्ही मापांत लिहावी. पॅरासिटामॉलच्या थेंबांत सहसा १ मिलिमध्ये १०० मिलिग्रॅम असतात, तर सिरपमध्ये ५ मिलिमध्ये १२५ मिलिग्रॅम. केवळ ‘५ मिलि’ असे लिहिले आणि घरच्यांनी थेंबांच्या बाटलीतून दिले तर बाळाला चौपट औषध जाते.

फोनवर दिलेल्या सूचना पूर्णपणे बंद करणे छोट्या रुग्णालयात शक्य नाही, हे मान्य करून नियम आखावा. सिस्टरने सूचना लिहून घ्यावी, लिहिलेली वाचून दाखवावी, डॉक्टरांनी “बरोबर” म्हणावे आणि दुसऱ्या दिवशीच्या राउंडला सही करावी. वाचून दाखवताना ‘पंधरा’ आणि ‘पन्नास’ यांचे अंक सुटे उच्चारावेत: एक-पाच, पाच-शून्य. डॉक्टर वाचून दाखवण्याआधीच फोन ठेवत असतील तर ती सूचना अपूर्ण समजून पुन्हा फोन करण्याचा अधिकार सिस्टरला लेखी द्यावा. बहुतेक डॉक्टर पहिल्या पंधरवड्यात याला वैतागतात आणि नंतर सरावतात.

भरलेली कोणतीही सिरिंज लेबलाशिवाय ट्रेमध्ये ठेवू नये. दाखल होताना रुग्णाच्या पिशवीतील सर्व गोळ्या टेबलावर काढून घेऊन यादी करावी, कारण ‘बीपीची पांढरी गोळी’ एवढ्या माहितीवर उपचार करता येत नाहीत. औषधाचा अनपेक्षित दुष्परिणाम आढळल्यास राष्ट्रीय औषध-दक्षता कार्यक्रमाच्या १८००-१८०-३०२४ या नि:शुल्क क्रमांकावर कळवता येते. त्यासाठी वैद्यकीय महाविद्यालय असण्याची अट नाही.

हातांची स्वच्छता

याविषयी सर्वांना सर्व माहीत असते, म्हणून थोडक्यात. अल्कोहोलयुक्त द्रवाने २० ते ३० सेकंद, साबण-पाण्याने ४० ते ६० सेकंद. बाटली भिंतीवर न ठेवता खाटेजवळ असावी. अंगठ्या आणि बांगड्या ड्यूटीत काढून ठेवाव्यात. हा मुद्दा नाजूक आहे, म्हणून तो आदेशाने न मांडता सिस्टरांशी बोलून ठरवावा.

प्रत्यक्ष वापर किती होतो हे पाहण्यासाठी पाळत ठेवण्याची गरज नाही, बाटल्या मोजाव्यात. एका वेळी साधारण ३ मिलि द्रव लागतो. वीस रुग्णांच्या वॉर्डात ५०० मिलिची बाटली आठवडाभर पुरत असेल, तर प्रत्येक रुग्णामागे दिवसाला जेमतेम एकदा हात स्वच्छ झाले असा त्याचा अर्थ होतो. हा हिशोब एकदा फळ्यावर मांडला की व्याख्यानाची आवश्यकता उरत नाही. त्याच्या जोडीला लघवीची पिशवी नेहमी मूत्राशयाच्या पातळीखाली, पण जमिनीला न टेकता लटकवणे, नळी आजही आवश्यक आहे का हे रोज विचारणे आणि व्हेंटिलेटरवरील रुग्णाचे डोके ३० ते ४५ अंश उंच ठेवणे, एवढ्याने जंतुसंसर्गाचा मोठा भाग आटोक्यात येतो.

प्रकृती खालावते आहे हे वेळेत ओळखणे

अचानक गेलेल्या रुग्णाचा केसपेपर मागे जाऊन पाहिला तर ‘अचानक’ हा शब्द क्वचितच टिकतो; काही तास आधीपासून नाडी वाढत गेलेली असते, श्वास वाढलेला असतो. अडचण अशी की श्वास कोणी मोजत नाही. कोणत्याही वॉर्डातील तक्ते उघडून पाहावेत, सर्वांचा श्वास २० लिहिलेला आढळेल. म्हणून पहिला नियम: घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट श्वास मोजावा.

दुसरा नियम म्हणजे गुणांचा तक्ता. ब्रिटनमधील रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१७ मध्ये सुधारित केलेला ‘न्यूज-२’ हा तक्ता मोफत वापरता येतो. श्वासाचा वेग, ऑक्सिजनचे प्रमाण, बाहेरून ऑक्सिजन सुरू आहे का, वरचा रक्तदाब, नाडी, शुद्धी आणि ताप या सात गोष्टींना गुण दिले जातात. बेरीज ५ झाली की आरएमओने तातडीने येऊन पाहावे. ७ किंवा अधिक झाल्यास वरिष्ठ डॉक्टरांना बोलवावे आणि आयसीयूत हलवण्याचा निर्णय घ्यावा. कोणत्याही एकाच निकषाला ३ गुण मिळाले तरी आरएमओला कळवावे. सोळा वर्षांखालील मुले आणि गरोदर स्त्रिया यांच्यासाठी हा तक्ता चालत नाही.

या तक्त्याचा खरा लाभ गणिताहून वेगळा आहे. रात्री अडीच वाजता वरिष्ठ डॉक्टरांना उठवावे की नाही, ही भीती प्रत्येक सिस्टरला आणि नव्या आरएमओला असते. “पेशंट बरा वाटत नाही” असे सांगण्यापेक्षा “बेरीज सात झाली आहे” असे सांगणे तिला सोपे जाते, आणि डॉक्टरांनाही कूस बदलून झोपणे अवघड होते. फोनवर काय बोलावे याचा क्रम टेलिफोनशेजारी चिकटवावा: आत्ता काय घडते आहे, रुग्णाची पार्श्वभूमी काय, मला काय वाटते, आणि तुम्ही काय करावे अशी माझी अपेक्षा आहे. चौथा भाग बहुतेकजण गाळतात, म्हणून तोच ठळक छापावा. बोलावणे अनाठायी ठरले तरी सिस्टरला कोणी बोलणार नाही, असे मालक-डॉक्टरांनी सर्वांसमोर सांगणे आणि तसे वागणे याला पर्याय नाही. एकदा जरी चारचौघांत तिचा पाणउतारा झाला तर पुढचे सहा महिने फोन येणार नाही.

ड्यूटी बदलताना ‘ओव्हर’ खाटेजवळ, रुग्णासमोर, दोघींनी मिळून द्यावी-घ्यावी. सलाईनचा वेग, सुरू असलेली औषधे आणि राहिलेली कामे प्रत्यक्ष पाहावीत. जो रुग्ण स्वतः कूस बदलू शकत नाही, त्याला दर दोन तासांनी वळवल्याची वेळ त्याच वेळी तपासावी.

शस्त्रक्रियेपूर्वीचा थांबा

जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये शस्त्रक्रियेसाठी तपासणी-यादी आणली. भूल देण्यापूर्वी, चीर देण्यापूर्वी आणि रुग्ण ओटीबाहेर (शस्त्रक्रियागृहाबाहेर) जाण्यापूर्वी असे तीन थांबे आणि एकूण १९ मुद्दे तिच्यात आहेत. नवी दिल्लीसह आठ शहरांतील रुग्णालयांत तिची चाचणी झाली तेव्हा मृत्यूचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आणि गुंतागुंतीचे ११ वरून ७ टक्क्यांवर आले. पुढे कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात ही यादी सक्तीची झाल्यावर मात्र २०१४ च्या अभ्यासात लक्षणीय फरक दिसला नाही. यादी तीच होती; तिच्या वापरात फरक पडत असावा, असे अनेक जाणकारांचे मत आहे आणि मलाही ते पटते. शस्त्रक्रिया संपल्यावर एकाच पेनाने सर्व चौकोनांत खुणा केलेला कागद काहीही वाचवत नाही.

म्हणून यादी मोठ्याने वाचावी, ती ओटीतील सिस्टरने वाचावी आणि वाचन चालू असताना सर्जनने हातात सुरी घेऊ नये. रुग्णाचे नाव, शस्त्रक्रिया, उजवी की डावी बाजू, ॲलर्जी, चीर देण्यापूर्वी ६० मिनिटांच्या आत प्रतिजैविक दिले का, हे उघड विचारावे. बाजूची खूण रुग्ण जागा असताना शाईने करावी. गॉज (रक्त टिपण्याचे कापडी तुकडे) मोजून आकडा फळ्यावर लिहावा.

ऑक्सिजन, वीज आणि आग

ऑक्सिजनचा हिशोब प्रत्येक सिस्टरला तोंडपाठ असावा. मोठ्या जम्बो सिलिंडरमध्ये सुमारे ७,००० लिटर आणि लहान बी प्रकारच्या सिलिंडरमध्ये सुमारे १,५०० लिटर ऑक्सिजन असतो. सहा रुग्णांना मिनिटाला ५ लिटर दिल्यास तासाला १,८०० लिटर लागतात, म्हणजे एक जम्बो चार तासही पुरत नाही. मुंबईला रुग्ण हलवताना कसारा घाटातील कोंडी धरून चार तास गृहीत धरले आणि मिनिटाला १० लिटर लागत असतील, तर २,४०० लिटर आणि त्यावर निम्मे राखीव असे ३,६०० लिटर हवेत. म्हणजे तीन लहान सिलिंडर. रुग्णवाहिकेत एकच दिसला तर ती निघू देऊ नये.

मुख्य व्हॉल्व्ह कोठे आहे, तो कोणी बंद करायचा आणि बंद केल्यावर कोणत्या रुग्णाला कोणता राखीव सिलिंडर जोडायचा, याची तालीम तीन महिन्यांतून एकदा, त्यातही एकदा रात्रपाळीत घ्यावी. टाकी भरली जात असताना प्रशिक्षित माणूस हजर असल्याखेरीज काम सुरू होऊ नये.

९ जानेवारी २०२१ रोजी भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात कक्षाला लागलेल्या आगीत दहा बालके दगावली. त्या वर्षानंतर अनेक रुग्णालयांनी अग्निशमन नळकांडी घेतली. पण आगीच्या जिन्यात जुन्या गाद्या आणि रिकामी खोकी रचलेली असतात, त्याचे काय? महाराष्ट्रातील कायद्यानुसार जानेवारी आणि जुलैमध्ये परवानाधारक संस्थेकडून अग्निसुरक्षेचे ‘बी फॉर्म’ प्रमाणपत्र घ्यावे लागते. त्याच दिवशी जिना स्वतः उतरून पाहावा, आणि जनरेटर प्रत्यक्ष भार देऊन चालवावा.

चुकीची नोंद आणि तिची चौकशी

घडलेल्या चुकांइतक्याच थोडक्यात टळलेल्या चुकाही नोंदवाव्यात. अर्ज अर्ध्या पानाचा असावा, नाव लिहिण्याची सक्ती नसावी आणि पेटी मालकांच्या केबिनबाहेर नसावी. पहिल्या महिन्यात काहीही न आल्यास सर्व ठीक आहे असे समजू नये; लोक घाबरलेले आहेत असे समजावे.

चौकशी कशी करावी, याचे एक कल्पित उदाहरण घेऊ. समजा, रात्री एका रुग्णाला प्रतिजैविकाचे इंजेक्शन देण्यास सिस्टर गेली आणि तो म्हणाला, “मला तर हे कधीच दिलेलं नाही.” तिने पट्टी पाहिली, रुग्ण दुसराच निघाला, चूक टळली. येथे “लक्ष देत जा” असे बजावून प्रकरण मिटवण्याचा मोह होतो. त्याऐवजी विचारत जावे. ती त्या खाटेकडे का गेली? औषधांच्या ट्रेवर खाट क्रमांक सात लिहिला होता. त्या खाटेवर दुसरा रुग्ण का होता? संध्याकाळी पंखा बंद पडल्याने खाटा बदलल्या. ट्रे रुग्णाबरोबर का गेला नाही? तो कोणी न्यायचा हे ठरलेले नाही, आणि ट्रेवर नाव लिहिण्याची पद्धतच नाही. आता उपाय आपोआप समोर येतो: ट्रेवर खाट क्रमांक लिहिणे बंद, नाव आणि नोंदणी क्रमांक सुरू. सिस्टर बदलली असती तरी ही चूक पुन्हा घडली असती. ट्रे बदलल्यावर ती घडणे अवघड झाले. मात्र नशेत ड्यूटी करणे किंवा जाणूनबुजून खोटी नोंद करणे या वेगळ्या बाबी आहेत आणि त्यांना ही सवलत लागू नाही, हेही आधीच स्पष्ट करावे.

नोंद करणाऱ्याला पंधरा दिवसांत उत्तर मिळाले पाहिजे. आणि इजा झालीच असेल तर नातेवाइकांना डॉक्टरांनी स्वतः, बसवून, साध्या मराठीत काय घडले आणि आता काय करत आहोत हे सांगावे. नातेवाइकांचा उद्रेक पुष्कळदा चुकीपेक्षा लपवाछपवीमुळे होतो.

मोजमाप आणि बदल

तीस खाटांच्या रुग्णालयात टक्केवारी फसवी ठरते, कारण एका घटनेनेही आकडा दुप्पट होतो. त्यामुळे चार-पाच गोष्टीच मोजाव्यात: पडलेले रुग्ण, पडून राहिल्याने नव्याने झालेल्या पाठीच्या जखमा, औषधांच्या चुका, शस्त्रक्रियेनंतरचा जंतुसंसर्ग आणि ‘न्यूज’ सात झाल्यापासून वरिष्ठ डॉक्टर येईपर्यंत लागलेला वेळ. पडण्याचे प्रमाण दर हजार रुग्णदिवसांमागे (एक रुग्ण एक दिवस दाखल असणे म्हणजे एक रुग्णदिवस) काढावे. शेवटच्या पडण्याला किती दिवस झाले, हा आकडा फळ्यावर लिहिला तर मावशी आणि मामांनाही तो समजतो. कोणताही बदल आधी एका वॉर्डात, एका पाळीत करून पाहावा, त्रास कोठे होतो ते ऐकावे, सुधारावा आणि मगच सर्वत्र लागू करावा.

डिस्चार्ज आणि सिंहस्थाची तयारी

डिस्चार्ज कार्डावर औषधे मराठीत, सकाळ-दुपार-रात्र अशा रकान्यांत लिहावीत आणि नातेवाइकांना “घरी गेल्यावर कसं द्याल ते सांगा” असे विचारून त्यांच्याकडून वदवून घ्यावे. कोणती लक्षणे दिसल्यास परत यावे आणि रात्री कोणत्या क्रमांकावर फोन करावा, हे मोठ्या अक्षरात असावे. पेठ किंवा सुरगाण्याच्या पाड्यावर परतणाऱ्या रुग्णाला टाके काढण्यासाठी जवळचे प्राथमिक आरोग्य केंद्र कोणते, हेही लिहून द्यावे.

२०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सिंहस्थाची मुख्य स्नानपर्वे आहेत. त्या दिवसांत नाव न सांगू शकणारे, वेगवेगळ्या भाषांचे, नातेवाइकांपासून दुरावलेले रुग्ण येतील आणि तात्पुरते कर्मचारीही घ्यावे लागतील. अनोळखी रुग्णासाठी तारीख आणि अनुक्रमांक असलेली पट्टी आधीच छापून ठेवावी. ओळख पटली तरी जुना क्रमांक त्या मुक्कामात बदलू नये, कारण रक्तगटाचा अहवाल त्याच क्रमांकावर निघालेला असतो. तात्पुरत्या कर्मचाऱ्याला पहिल्या दोन तासांत चारच गोष्टी शिकवाव्यात: पट्टी कशी जुळवावी, लाल डब्याला हात लावू नये, ऑक्सिजनचा व्हॉल्व्ह कोठे आहे आणि बेरीज सात झाल्यावर कोणाला फोन करावा. त्या चारही गोष्टी त्याच्याकडून करवून घेतल्यानंतरच त्याला वॉर्ड सोपवावा.